खोलीतली खोली

दार आणि चौकट यांच्यामध्ये चार मिलिमीटरची फट होती. वरच्या कोपऱ्यात चार, मधोमध साडेतीन, बिजागरीच्या बाजूला जेमतेम एक. मी ती तीनदा मोजली. एकदाच मोजलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि दोनदा मोजलं की दोन आकडे भांडत बसतात. तिसरा लागतो तो निवाड्यासाठी. भिंत तुम्ही हवी तेवढी जाड करा, आवाज भिंतीशी हुज्जत घालत नाही, तो सरळ फट शोधतो. हे मी पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते आणि सुताराला त्या आठवड्यात चार वेळा शिकवलं होतं.

“ताई, एवढ्यातनं मुंगीसुद्धा अंग चोरून जाईल,” सुतार म्हणाला.

“मुंगी गेली तर चालेल. आवाज जायला नको.”

“मुंगीला आवाज असतो होय?”

काही जातींच्या मुंग्यांना असतो. पण ते सांगितलं असतं तर त्या दिवशी दार बसलं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं. किंबहुना तेवढंच जमतं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.

हे दार ज्या केबिनचं होतं ती आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या जागी उभी होती. सोफा झोपायच्या खोलीत गेला होता, झोपायच्या खोलीतलं कपाट पॅसेजमध्ये आलं होतं, आणि पॅसेजमधून जाताना नवरा रोज एकदा खांदा आपटून घेत होता. केबिन सुतारकामाच्या दुकानात का बनवली नाही? कारण सुताराचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचं एक छप्पर, आणि छपराखाली ध्वनिरोधनाचं मोजमाप करता येत नाही. बस गेली की आकडे कोलमडतात. विज्ञानासाठी माणसाला सोफ्याचा त्याग करावा लागतो.

आमच्या संस्थेत दरवर्षी दोन दिवसांची माहिती-सुरक्षा परिषद भरते. माहिती कशी चोरीला जाते आणि कशी जपावी यावर विद्वान मंडळी भाषणं करतात. भाषणं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतात ते विशेष कार्यक्रम. आणि विशेष कार्यक्रम समितीची सचिव मी, कारण पहिल्या बैठकीत माझ्या एकटीच्या हातात वही होती.

यंदाचा मुख्य कार्यक्रम होता फोनवरची स्पर्धा. स्पर्धकाने मंचावरच्या बंद केबिनमध्ये बसायचं आणि एका स्वयंसेवकाला फोन लावायचा. स्वयंसेवकाने आधी लेखी संमती दिलेली असते. फक्त फोन नेमका कधी येईल आणि समोरचा कोण असल्याचं सोंग आणेल, हे त्याला माहीत नसतं. दहा मिनिटांत स्पर्धकाने गोड बोलून त्याच्याकडून पाच गोष्टी काढून घ्यायच्या: जन्मगाव, पहिली शाळा, आईचं माहेरचं आडनाव, घरच्या जनावराचं नाव आणि लहानपणीचं लाडाचं नाव. पासवर्ड विसरल्यावर संगणक आपल्याला विचारतो त्या याच पाच गोष्टी. सभागृहाला ध्वनिवर्धकावरून दोन्हीकडचं बोलणं ऐकू येतं. सभागृहाचं हसू मात्र केबिनमध्ये पोचता कामा नये. सजावटवाल्याकडे एक तिकीटखिडकीची केबिन होती, पण तिला बोलण्यासाठी समोर गोल भोक होतं. बैठकीत सगळे त्या भोकाकडे, म्हणजे त्याच्या फोटोकडे, बघत बसले. तेव्हा मी म्हणाले, “मी करून आणते.”

एकोणीस वर्षांत बैठकीत मी आपणहून उच्चारलेलं हे चौथं वाक्य. आधीची तीन पंख्याबद्दल होती.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. ते त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होते. सात महिन्यांपूर्वी त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, “माझ्या जागी तुम्ही या.” मी म्हणाले होते, “विचार करून सांगते.” साहेबांना वाटलं, दोन दिवस लागतील. ते भिजत घोंगडं सातव्या महिन्यातही तसंच होतं. उपप्रमुखाने काम करायचं असतं आणि प्रमुखाने त्याबद्दल बोलायचं असतं. काम मला येत होतं. बोलण्याचं मात्र असं, की चारपेक्षा जास्त माणसं समोर आली की माझं वाक्य क्रियापदापाशी पोचण्याआधीच संपतं. दुसऱ्या बाजूने पाहावं तर मी नाही म्हटल्यावर ती जागा सल्लागारांना जाणार होती. हे सल्लागार बाहेरचे. सगळ्या कर्मचाऱ्यांना एकच पासवर्ड द्यावा, म्हणजे कुणी विसरणार नाही, असा लेखी सल्ला त्यांनी गेल्या वर्षी दिला होता, तोही रंगीत आलेखांसह. मी आणि माझ्या सहा सहकाऱ्यांनी पाच वर्षं खपून जे उभं केलं ते हा माणूस एका पावसाळ्यात धुऊन टाकेल, याची मला खात्री होती. आणि तरी माझ्या तोंडून ‘हो’ निघत नव्हतं.

“परिषदेच्या दुसऱ्या दिवशी पाचला नियामक मंडळाला नाव द्यायचंय,” साहेब म्हणाले. “लेखी नको, तोंडी चालेल. पण पाचच्या आत.”

“बघते, सर.”

“सात महिने तुम्ही काय बघताय हो?”

माझ्या मनात काय आहे याचा साहेबांनाच काय, घरीही कुणाला मी पत्ता लागू दिला नव्हता. सुरक्षा विभागात आहे मी; आतली माहिती बाहेर जाऊ न देणं हे माझं कामच आहे. खरी अडचण अशी होती की आतसुद्धा माहिती नव्हती.

असो. केबिनकडे वळते, कारण केबिनचे प्रश्न सुटण्यासारखे होते.

केबिन उभी राहू लागली तसे सल्ले येऊ लागले. पहिले आले वरच्या मजल्यावरचे पूलवाले काका. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि निवृत्तीनंतरही ते प्रत्येक वस्तूकडे तिच्यावरून ट्रक जाणार आहे अशा नजरेने बघतात.

“छताला आडवा बीम कुठाय?” त्यांनी विचारलं.

“छतावर काही ठेवायचं नाहीये, काका.”

“सगळे असंच म्हणतात.” त्यांनी केबिनला बोटाने टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली. “बरं, त्या जागेचं काय ठरलं तुझं?” साहेबांच्या जागेची बातमी सासूबाईंकडून अख्ख्या इमारतीला पोचली होती.

“बघतेय.”

“घेऊन टाक. भार पेलताना दिसतो त्यापेक्षा कमी असतो.”

मग समोरच्या दारातली शेजारीण आली. ती गाणं शिकते आणि घरचे तिला गाऊ देत नाहीत. “दहाच मिनिटं आत बसू का गं?” म्हणाली, आणि पाऊण तासाने ताजीतवानी होऊन बाहेर आली. ही बातमी जिन्यातून खाली गेली. दोन दिवसांत माझ्या दारात लोक नंबर लावून उभे राहू लागले. कुणाला मुलाशी फोनवर बोलायचं होतं, कुणाला सुनेबद्दल बोलायचं होतं, एका गृहस्थांना नुसतंच बसायचं होतं. बाहेर पडणारा प्रत्येक जण जाता जाता विचारायचा, “त्या जागेचं काय झालं?” मी एक वेळापत्रक करून दारावर लावलं. मोजमापासाठी मलाच त्यात सकाळी सहाची वेळ मिळाली.

मग आली सोसायटीची नोटीस. ‘सदनिकेत विनापरवाना अंतर्गत बांधकाम.’ मी सचिवांकडे गेले.

“वहिनी, खोलीत खोली चालत नाही,” सचिव म्हणाले. “नियमच आहे.”

“ही खोली नाहीये. ही वस्तू आहे. परिषदेसाठी.”

“हिला भिंती आहेत?”

“आहेत.”

“छत? दार?”

“आहे.”

“आत माणूस राहू शकतो?”

इथे मी प्रामाणिकपणे थोडी अडखळले, कारण आदल्याच दिवशी आत माझा नवरा चाळीस मिनिटं राहिला होता. त्याची हकिकत अशी की दाराची कडी त्याच दिवशी बसली होती, पण आतून बसायची ती बाहेरून, आणि काचेच्या जागी तात्पुरता प्लायवूडचा तुकडा होता. नवरा सहज ‘कसं वाटतं बघू’ म्हणून आत गेला आणि दार लागलं. तो ओरडला. त्याने भिंतीवर बुक्के मारले. मी तीन पावलांवर बसून त्याच केबिनचे आकडे वहीत उतरवत होते. शेवटी सासूबाईंनी विचारलं, “तो कुठाय गं?” मी म्हटलं, “बाहेर गेला असेल.” त्या म्हणाल्या, “चपला इथं ठेवून?” पुराव्याकडे त्यांचं लक्ष माझ्यापेक्षा बारीक असतं.

दार उघडलं तेव्हा नवरा घामाने निथळत होता. “चाळीस मिनिटं!” तो म्हणाला. “घसा बसला माझा! तू काय करत होतीस?”

“नेमकं किती मोठ्याने ओरडलास?” मी पेन उघडलं. “साधारण सांग. नोंद करायचीय.”

त्यानंतर तो संध्याकाळभर माझ्याशी बोलला नाही, त्यामुळे उरलेली मोजमापं शांततेत झाली. सुताराने मात्र दुसऱ्या दिवशी येऊन ती चार मिलिमीटरची, आता एकवर आलेली फट मला बोटाने दाखवली. “बघा ताई. ही ठेवली म्हणून तुमचे घरचे साहेब जिवंत आहेत.” यावर मी त्या फटीला रबराची पट्टी लावली आणि हवेसाठी नागमोडी नळी काढली, पण मनातून तो वाद मी हरले.

तर सचिव. त्यांना हे काही न सांगता मी म्हटलं, “तुम्हीच येऊन बघा ना.” ते आले. आत गेले. दार लावून घेतलं. तोवर काच बसली होती; आम्ही तिच्यातून पाहिलं, तर सचिव खिशातून फोन काढून कुणाशी तरी हातवारे करत बोलत होते. त्यांचे थोरले बंधू असावेत, कारण मधेच ते नमस्कारासाठी वाकले आणि मग एकदम मूठ आपटली. वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता.

“भक्कम काम आहे, वहिनी.”

“मग नोटीस?”

“नोटीस राहील. नोटीस मी सचिव म्हणून दिलीय. आत मी माणूस म्हणून गेलो होतो.”

परिषदेला तीन दिवस उरले तेव्हा केबिन हलवायची वेळ आली. आता कुणाला वाटेल की मी घराच्या दाराचं माप घ्यायला विसरले असेन. माझ्याबद्दल असा समज करून घेणाऱ्यांना मी क्षमा करते. घराचं दार नव्वद सेंटिमीटर, केबिन एकशे दहा; हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच माझ्या आराखड्यात केबिनचे दोन भाग होते, बारा बोल्टनी जोडलेले. बोल्ट काढायचे, दोन भाग वेगळे करायचे, घेऊन जायचे. मी पाना घेऊन बोल्ट शोधू लागले. बोल्ट नव्हते.

“बोल्ट कुठायत?”

“लावलेच नाहीत, ताई,” सुतार अभिमानाने म्हणाला. “बोल्ट कुरकुरतात. सगळा जोड सरसाने बसवलाय. आता पिढ्यान्‌पिढ्या हलायचा नाही.”

“पण आराखड्यात बोल्ट आहेत!”

त्याने खिशातून आराखडा काढला, उलगडला, आणि एका कोपऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्याच अक्षरात, अधोरेखित: ‘सर्व जोड हवाबंद असावेत.’

“बोल्टनी हवाबंद होतंय होय?” त्याने विचारलं.

होत नाही. मी खुर्चीत बसले. खुर्ची पॅसेजमध्ये होती, म्हणून कपाटाला टेकून बसले. पूलवाले काकांनी खिडकीची चौकट उपटून केबिन तिसऱ्या मजल्यावरून दोरखंडाने खाली सोडण्याची योजना मांडली आणि खाली उभ्या करायच्या ट्रकचा विषयही काढला. नवरा म्हणाला, “राहू दे इथेच. मला सवय झालीय.” सासूबाई म्हणाल्या, “काप.”

सुताराने कापली. कापताना त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्या दोन तुकड्यांना त्याने बारा बोल्ट लावले, माझ्या मूळ आराखड्याप्रमाणे, आणि प्रत्येक बोल्ट पिळताना तो पुटपुटत होता.

सभागृहाच्या फाटकावर एक टेबल होतं आणि टेबलामागे कारकून. प्रवेशपत्रावर वस्तूचा प्रकार लिहावा लागे: टेबल, खुर्ची, पडदा, दिवा, इतर.

“केबिन,” मी म्हणाले.

“दार आहे तिला?”

“आहे.”

“मग ती वस्तू नाही, मॅडम. ती जागा. जागा बाहेरून आणता येत नाही, जागा आमच्याकडूनच घ्यावी लागते. तिचा अर्ज वेगळा, आणि मुदत संपली.”

आयुष्यात पहिल्यांदा कापलेल्या केबिनबद्दल मला कृतज्ञता वाटली. मी त्यांना टेंपोपाशी नेलं. एका तुकड्याला दार नव्हतं. दुसऱ्याला दार होतं, पण मागची भिंत नव्हती. कारकुनाने दोन्हीभोवती फेरी मारली, चष्मा काढला, घातला, आणि लिहिलं: ‘पडदा, लाकडी, एक. दार, सुटं, एक.’

केबिन मंचावर उभी राहिली. आता फक्त स्वयंसेवक हवे होते, आणि ते आमच्याकडे होते: आमच्याच संस्थेतले पाच जण, लेखी संमतीसह. परिषदेच्या पहिल्या दिवशी मी रंगीत तालीम म्हणून पाचही जणांना सभागृहाच्या फोनवरून फोन लावला. एकानेही उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. शेवटी एकाला जाऊन गाठलं, तर तो म्हणाला, “मॅडम, तुमच्याच पत्रकात आहे की! अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन उचलू नका.”

पाच वर्षं मी ती पत्रकं काढत होते. त्यांचा काही उपयोग झाल्याचा हा पहिला पुरावा, आणि तो नेमका माझ्याच अंगाशी आला. “उद्याच्यापुरता उचला,” असं मी पाचही जणांना विनवलं. पाचही जण हसले आणि म्हणाले की हीच तर फसवणाऱ्यांची पद्धत असते.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई पेपर वाचत होत्या. “मी उचलीन,” त्या म्हणाल्या. “वाजलेला फोन न उचलणं मला जमत नाही. कुणाचं काही अडलेलं असतं.”

“आई, ते लोक तुम्हाला फसवायला बघतील.”

“बघू देत.”

सासूबाईंनी तीस वर्षं एका मोठ्या शाळेच्या कचेरीत काम केलं. प्रवेशाचे अर्ज त्या भरून घ्यायच्या. शिवाय एक गोष्ट मला माहीत होती: आपल्या घरातली कुठलीही माहिती त्या कुणालाही देतात. आमच्या मोलकरणीला माझं रक्तदाबाचं औषध ठाऊक आहे. त्या पहिल्या दोन मिनिटांत पाचही उत्तरं देऊन टाकतील, स्पर्धा कंटाळवाणी होईल आणि विशेष कार्यक्रमाचं हसं होईल, अशी मला भीती वाटली. पण दुसरा पर्याय नव्हता. त्यांनी संमतिपत्र दोनदा वाचलं आणि सही केली. “यात जन्मतारखेचा रकाना नाही,” एवढाच त्यांनी शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सभागृह भरलं. चारशे माणसं. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी सल्लागार, आणि त्यांच्या पलीकडे नियामक मंडळाच्या अध्यक्षबाई. पाचला दोन तास होते. साहेबांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी तारा तपासण्यासाठी खाली वाकले.

पहिला स्पर्धक गतवर्षीचा विजेता. तो केबिनमध्ये बसला, दार लागलं, घंटी वाजली.

“हॅलो?” घरी बसलेल्या सासूबाईंचा आवाज सभागृहभर घुमला.

“नमस्कार आजी! वीज कार्यालयातून बोलतोय. तुमच्या घराची नोंद नव्याने करायचीय, दोन मिनिटं घेतो.”

“करा की. थांबा, पेन घेते.” कागदाची सळसळ झाली. “हं. पूर्ण नाव?”

“कुणाचं, माझं?”

“मग? माझं मला माहीत आहे. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव.”

स्पर्धक क्षणभर गडबडला. खोटं नाव त्याने तयार ठेवलं होतं. खोटा बाप तयार ठेवला नव्हता. त्याने खराच सांगितला. मागच्या रांगेतून त्याचा मित्र ओरडला, “अरे, खरं सांगतोय हा!” पण केबिनमध्ये ते पोचलं नाही. माझी केबिन उत्तम काम करत होती.

“जन्मगाव? ... हं. आधीची शाळा? ... तिथनं दाखला घेतला होता का? ... आईचं माहेरचं आडनाव? नाही, सासरचं नको, ते वर आलंय.”

दहा मिनिटांनी घंटी झाली तेव्हा विजेत्याने पाचपैकी चार गोष्टी दिलेल्या होत्या. सासूबाईंनी एकच माहिती दिली होती: वीजमीटर जिन्याखाली आहे. ती यादीत नव्हती.

दुसरी एक मुलगी होती. बँकेतून बोलतेय म्हणाली, आवाज रडवेला केला, नोकरी जाईल म्हणाली. “रडू नकोस,” सासूबाई म्हणाल्या, “घरी कोण कोण असतं? ... आणि जनावर? ... मांजराचं नाव काय? ... तुला घरी काय म्हणतात गं लाडाने?” मुलगी खरंच रडायला लागली, आणि पाचही गोष्टी देऊन, सासूबाईंना आपला खरा क्रमांक देऊन बाहेर आली.

तिसऱ्याने हे सगळं पाहिलं होतं. तो ठरवून आत गेला. “आजी, प्रश्न मी विचारणार, तुम्ही उत्तरं द्यायची,” त्याने सुरुवातीलाच सांगितलं.

“बरं,” म्हणाल्या सासूबाई, आणि गप्प बसल्या.

पाच सेकंद. दहा. वीस. सभागृहात टाचणी पडली असती तर मी मोजली असती.

“आजी? आहात ना?”

“आहे. लिहून घेतेय, थांबा. ‘प्रश्न मी विचारणार’ लिहिलं. हं, आता तुमची जन्मतारीख.”

त्याने जन्मतारीख सांगितली. तिथून पुढे उतारच होता.

गुण देणाऱ्या परीक्षकांची पंचाईत झाली. नियमावली मी लिहिली होती, सोळा पानांची, आणि तीत माहिती उलट दिशेला गेली तर काय, याची तरतूद नव्हती. तोवर कुणीतरी फळ्यावर एक जादा रकाना आखून त्यावर ‘आजी’ लिहिलं होतं: चार, पाच, पाच. अध्यक्षबाई डोळ्यांना रुमाल लावून हसत होत्या. सल्लागार हसत नव्हते. ते आपल्या वहीत काहीतरी लिहीत होते. बहुधा सर्व वृद्धांचे फोन बंद करण्याचा सल्ला.

चौथ्या स्पर्धकाचं नाव पुकारलं. तो आला नाही. त्याचं पोट दुखत होतं, असं त्याच्या मित्राने सांगितलं. पण फोन जोडणाऱ्याने तोवर क्रमांक फिरवला होता.

“हॅलो?” सासूबाई म्हणाल्या. रिकाम्या केबिनमध्ये उत्तर द्यायला कुणी नव्हतं. “हॅलो? कोण बोलतंय? अडलंय का काही?”

सभागृह हसायचं थांबलं. त्या काही फोन ठेवणार नव्हत्या. कुणीतरी आत जाऊन त्यांना सांगायला हवं होतं, आणि चारशे माणसं, साहेबांसकट, माझ्याकडे बघू लागली. घड्याळात चार पंचेचाळीस झाले होते.

मी आत गेले. दार लावून घेतलं.

मी या केबिनचे दोनशे आकडे घेतले होते, पण दार लावून एकटी आत बसले ती तेव्हाच. काचेपलीकडे चारशे माणसांचे ओठ हलत होते आणि आवाज शून्य. एक सांगते: बोलणं बाहेर ऐकू जात होतं हे मला पक्कं माहीत होतं. तारा मीच जोडल्या होत्या. फक्त त्यांचं काही मला ऐकू येत नव्हतं.

“आई, मी आहे. झाली स्पर्धा. ठेवा आता.”

“तू होय? चौथा कुठाय?”

“त्याचं पोट दुखतंय.”

“कोमट पाणी दे त्याला. आणि ऐक, पेन हातात आहे तोवर तुझंही उरकून घेते. पूर्ण नाव?”

“आई, तुम्हाला माहीत आहे माझं नाव.”

“मला आहे. अर्जाला नाही.”

मी सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही सांगितली. ही पद्धत मला ठाऊक नव्हती असं नाही. आधी सोपे प्रश्न, ठरलेल्या क्रमाने, हातात पेन असल्याचं भासवत. माणूस एकदा उत्तरं द्यायला लागला की थांबत नाही. यावर मी चार पानी टिपण लिहिलं आहे. विभागात त्यावर चाचणी घेतली आहे.

“शिक्षण?” मी सांगितलं. “नोकरीत किती वर्षं?”

“एकोणीस.”

“हुद्दा?”

“उपप्रमुख.”

“तो महिनाअखेरपर्यंतचा. त्याच्या खालचा रकाना रिकामा आहे.”

काचेपलीकडे साहेब घड्याळाकडे बघायचे थांबले होते. अध्यक्षबाईंनी रुमाल खाली घेतला होता. सल्लागारांचं पेन थांबलं होतं. पन्नासच काय, पाच माणसंसुद्धा समोर असताना माझं वाक्य कधी शेवटपर्यंत पोचलं नव्हतं, आणि इथे चारशे होती. पण फोनच्या त्या टोकाला एकच होती, आणि तिला घाई नव्हती. ती कागद सरळ करत होती.

“लिहा,” मी म्हणाले. “विभागप्रमुख.”

“नक्की ना? खोडायला लावू नकोस मला. ‘बघते’ वगैरे नाही ना?”

“नाही, आई. ती जागा मी घेतेय.”